जालन्याचे बेथेल आणि स्वतंत्र वसाहतीचा प्रश्न

‘जालना सोन्याचा पालना’ ही म्हण मराठवाड्यात शाळकरी पोरालाही पाठ असते. मोंढा, कापूस, बियाणे, पोलादाच्या गिरण्या आणि आता शेजारून गेलेला समृद्धी महामार्ग असा या पालन्याचा थाट आहे. पालन्यात कोण झोपले ते म्हण सांगते. पालना हलवणारे हात कोणाचे होते आणि त्या हातांची माणसे रात्री कुठे निजत होती, हे मात्र ती सांगत नाही. गावाला दोर वळून देणारा, केरसुणी बांधून देणारा, सणासुदीला हलगी वाजवणारा आणि गावात चोरी झाली की सर्वांत आधी चावडीवर ओढून आणला जाणारा मांग गावकुसाबाहेर निजत होता. त्या गावकुसाबाहेरच्या काही कुटुंबांनी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी आपले बिऱ्हाड उचलले आणि जालन्याजवळच वसलेल्या एका नव्या गावात ती राहायला गेली. त्या गावाचे नाव बेथेल. ते वसवणाऱ्या माणसाचे नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री.

आमच्या वाचकांपैकी किती जणांनी हे नाव ऐकले असेल? फारच थोड्यांनी, अशी आमची खात्री आहे. ब्राह्मणी इतिहासाच्या लेखी शेषाद्री हा बाटगा. मिशनच्या इतिहासाच्या लेखी तो संत. आणि आमच्या चळवळीच्या इतिहासात तो नाहीच, कारण पाद्री म्हटला की आम्हीही पान उलटतो. एखाद्या माणसाची तीन ठिकाणी तीन चित्रे असतील, तर त्याच्याकडे चौथ्या बाजूने, म्हणजे जमिनीच्या बाजूने पाहावे असे आम्हांस वाटते. धर्मांतराने या माणसाचे काय झाले हा त्याचा प्रश्न. त्याने अस्पृश्यांसाठी निजामाच्या राज्यात एक गाव उभे केले, हा मात्र आमचा प्रश्न आहे.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. साल १८४३. ब्राह्मण कुळात जन्मलेला नारायण हा तरुण मिशनच्या शाळेत शिकत होता. रॉबर्ट नेस्बिट या स्कॉटिश मिशनऱ्याकडून त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याच्या पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनमध्ये राहायला गेला. पोरगा अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेला. त्याला परत मिळावे म्हणून बाप मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेला आणि कोर्टाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. ‘राणी विरुद्ध नेस्बिट’ या नावाने हा खटला कायद्याच्या जुन्या पुस्तकांत सापडतो. हेबियस कॉर्पसचे धडे गिरवताना आम्हा वकिलांच्या तो डोळ्यांखालून जातो. पण त्या खटल्यामागे कोणती आग पेटली होती, हे कायद्याचे पुस्तक सांगत नाही.

आग ही, की श्रीपत मिशनमध्ये जेवला होता. कोर्टाने मुलगा परत दिला, पण जातीने तो परत घ्यायचा की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन मुलाला पुन्हा जातीत घ्यावे अशी बाजू घेतली. सनातन्यांनी त्यांच्याविरुद्ध काहूर उठवले. अवघी ब्राह्मण मुंबई दोन तटांत विभागली. एका लहान मुलाने परधर्मीयाच्या पंक्तीला चार घास खाल्ले, एवढा हा मामला. बाळशास्त्रींचे धाडस आम्ही कमी लेखत नाही, त्या काळी ते मोठेच होते. पण याच मुंबईत, याच वर्षी, पिढ्यान्‌पिढ्या पाण्याला हात लावू न दिलेल्या लाखो माणसांसाठी एक तरी तट पडला होता काय? एका श्रीपतासाठी शास्त्रांची पाने उलटली गेली. महार-मांगांसाठी ती उलटली गेली नाहीत, कारण त्यांच्यासाठी त्या पानांवर दंडच तेवढा लिहिलेला होता.

नारायण शेषाद्री परतले नाहीत. १८५४ साली त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली आणि १८६०च्या दशकात त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. जालनाच का? याचे उत्तर धर्मात शोधण्यापेक्षा छावणीत शोधलेले बरे. जालना हे निजामाच्या मुलखातले मोठे व्यापारी गाव होते आणि १८२७पासून तेथे इंग्रजांची लष्करी छावणी होती. पुढे ती हैदराबाद कंटिन्जंटची छावणी म्हणून ओळखली गेली. छावणी म्हणजे साहेबाचे राज्य. छावणीच्या हद्दीत गावच्या पाटलाचा शब्द तेवढा चालत नसे. घोड्यांची देखभाल, कातडीकाम, ओझी वाहणे, बंगल्यांवरची चाकरी या सगळ्यांसाठी अस्पृश्य माणसे लागत, आणि तेथे मजुरी रोख मिळे. बलुत्याच्या धान्याऐवजी हातात नाणे पडणे ही अस्पृश्यांच्या इतिहासातली केवढी मोठी घटना आहे, हे महू, पुणे, कामठी या छावण्यांच्या इतिहासात आम्ही वाचत आलो आहोत. खुद्द बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला. जालन्याची छावणीही त्याच माळेतली, पण तिच्याकडे आमच्या अभ्यासकांचे लक्ष जेवढे जायला हवे होते तेवढे गेलेले नाही.

शेषाद्रींचे काम मुख्यतः मांगांत झाले. हा तोच काळ आहे, जेव्हा पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मातंग मुलगी महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून येतो. आमचा धर्म तरी कोणता, हा सवाल या मुलीने त्या निबंधात केला होता. पूर्वी मांग-महारांना त्यांच्या जमिनींवरून हाकलून लावले आणि मोठमोठ्या इमारतींच्या पायांत गाडले, हेही तिने नोंदवून ठेवले आहे. म्हणजे धर्म आणि जमीन हे दोन्ही प्रश्न त्या मुलीने एका दमात मांडले. आमच्या आजच्या अनेक विद्वानांना ते वेगवेगळे वाटतात. मुक्ताला तसे वाटत नव्हते.

१८७०च्या सुमारास शेषाद्रींनी जे केले ते नुसत्या धर्मप्रचारकाचे काम नव्हते. त्यांनी हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली. सालारजंग हे १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे निजामाच्या राज्याचे कारभारी होते. महसूल, अदालत, जिल्हे-तालुके यांची नवी घडी त्यांनीच बसवली. पडीक जमीन लागवडीखाली यावी, राज्याचा सारा वाढावा ही त्यांची निकड होती. शेषाद्रींना गावासाठी जमीन हवी होती. एका मुसलमान दिवाणाने एका ख्रिस्ती पाद्र्याला जमीन दिली आणि तिच्यावर हिंदू म्हणवणाऱ्या समाजाने गावाबाहेर ठेवलेली माणसे जाऊन राहिली. हे समीकरण ज्यांच्या पचनी पडत नाही त्यांनी एवढेच सांगावे, की त्या पंचक्रोशीतल्या किती देशमुखांनी आणि किती देवस्थानांनी आपल्या इनामांतून मांगाला बिघाभर तुकडा दिला होता?

याला त्या काळी राजकारण म्हणत नसत. आम्ही म्हणतो. दिवाणाच्या दरबारी अर्ज नेणे, छावणीतल्या अधिकाऱ्यांचे वजन वापरणे, पडीक जमिनीची गरज आणि आपली गरज यांची सांगड घालणे, सनद पदरात पाडून घेणे, विहीर, रस्ता, शाळा उभी करणे, वस्तीतले तंटे मिटवणे ही कामे आज सरपंच आणि आमदार करतात, आणि केली तर फलकावर नाव लावून घेतात. जालना परिसरात अस्पृश्यांच्या वतीने राज्यसत्तेशी बोलणी करून जमिनीचा प्रश्न सोडवणारा पहिल्या काही माणसांतला एक म्हणून शेषाद्रींकडे पाहिले पाहिजे. ते १८७३ साली न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेला आणि १८८० साली फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन परिषदेलाही गेले. डोक्याला पागोटे बांधून त्यांनी तेथे भाषणे केली. १८९१ साली त्यांचे निधन झाले.

बेथेल या हिब्रू शब्दाचा अर्थ देवाचे घर. बायबलात याकोब उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपतो, त्याला स्वप्न पडते आणि त्या जागेला तो हे नाव देतो, अशी कथा आहे. उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपणे म्हणजे काय, हे मांगांना कोणा पाद्र्याने समजावून सांगण्याची गरज नव्हती. आम्ही देव मानीत नाही, म्हणून नावाच्या अर्थात आम्हांस रस कमी आहे. आम्हांस रस आहे तो त्या गावच्या नकाशात. गाव म्हणजे मध्यभागी देऊळ, देवळाभोवती वाडे, त्यांच्याभोवती कुणबीकीची घरे, मग अठरापगड कारागीर, मग गावकूस, आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला महारवाडा-मांगवाडा. नकाशाच हा मनुस्मृतीचा भाष्यग्रंथ आहे. जे गावच धर्मांतरितांसाठी वसले, तेथे गावकूस कोणाविरुद्ध घालणार? विहिरीवर कोण कोणाला अडवणार? माणसाने आपल्या दारात उभे राहून आपल्याच नावाने हाक ऐकावी, ‘जोहार’ घालावा न लागता रस्त्याने चालावे, ही गोष्ट क्रांतीच्या मोठ्या व्याख्येत बसत नसेल, पण ज्याच्या बापजाद्यांनी ती कधी अनुभवली नव्हती त्याला विचारा.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण कोणाचीही आरती ओवाळण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. जमीन मिळाली ती मांगांना मिळाली नाही, मांगांच्या वतीने शेषाद्रींना मिळाली. सनद मागायला जो दरबारापर्यंत पोहोचू शकला, त्याचा जन्म ब्राह्मण घरात झाला होता, त्याला इंग्रजी येत होते आणि त्याच्या पाठीशी फ्री चर्चसारखी संस्था होती. तीच मागणी घेऊन एखादा मांग गेला असता तर देवडीवरच्या शिपायाने त्याला आत सोडले असते काय? नांगर धरणाऱ्यांच्या हाती पेरणीचे तिफण आले, पण कागद आला नाही. शेषाद्रींचे नाव स्कॉटलंड-अमेरिकेत गाजले. ज्यांनी बेथेलची दगडगोट्याची जमीन फोडली त्या पहिल्या कुटुंबांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? पहिले वसाहतकार म्हणून खरा मान त्यांचा आहे. इतिहासात नाव लागते ते सनद आणणाऱ्याचे, कुदळ मारणाऱ्याचे लागत नाही. हा नियम ख्रिस्ती झाल्यानेही बदलला नाही.

बाबासाहेबांनी नेमकी हीच दुखरी नस पकडली होती. १९३८च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना ख्रिस्ती समाज राजकारणात मागे राहिला आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध लढला नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याच्या स्थितीवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला, तो शासनाने छापलेल्या ग्रंथमालेच्या ५ व्या खंडात वाचायला मिळतो. शाळा, दवाखाना आणि प्रार्थना मिळाली, पण हक्कासाठी उठून उभे राहण्याची सवय मिळाली नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. आम्हांस तो पटतो. मात्र हेही लक्षात ठेवू या, की बाबासाहेबांनी मिशनवर टीका केली, मिशनमध्ये गेलेल्या मांग-महारांवर नाही.

आणि वसाहतीची कल्पना तर त्यांनी उचलून संविधानाच्या दारापर्यंत नेली. बेथेलवरून नेली असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणायला काही आधार नाही आणि ओढूनताणून धागे जुळवण्याची आम्हांस हौसही नाही. पण मार्ग एकाच गरजेतून फुटलेले आहेत. १९४२च्या जुलैत नागपूरला रावबहादूर एन. शिवराज यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र गावांचा ठराव झाला. १९४७ साली बाबासाहेबांनी घटना समितीसाठी तयार केलेल्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात तीच मागणी कलमांच्या भाषेत आली. वसाहत आयोग नेमावा, लागवडीयोग्य पडीक सरकारी जमीन त्या आयोगाच्या ताब्यात द्यावी, तिच्यावर अनुसूचित जातींची स्वतंत्र गावे वसवावीत, आणि त्यासाठी केंद्राने दरवर्षी ५ कोटी रुपये बाजूला काढावेत. १९४७ सालचे ५ कोटी! सालारजंगाने जे मेहरबानी म्हणून दिले, ते बाबासाहेब हक्क म्हणून मागत होते. फरक आहे तो एवढा, आणि तो आभाळाएवढा आहे.

घटना समितीने ती मागणी स्वीकारली नाही. गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८च्या भाषणात खडसावले, तरी पंचायतीचे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आले आणि वसाहतीचे आलेच नाही. औरंगाबादेत जन्मलेले आणि हैदराबाद संस्थानात अस्पृश्यांचे राजकारण उभे करणारे बी. श्यामसुंदर यांनी १९६८ साली भीमसेना काढली तेव्हा त्यांनीही स्वतंत्र गावांची मागणी पुन्हा पुढे आणली. त्यांना अतिरेकी ठरवून मोकळे होणे सर्वांना सोयीचे होते.

वसाहत मिळाली नाही, म्हणून माणसे गायरानावर गेली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. मराठवाड्यातल्या आमच्या आया-बहिणी कडेवर लेकरे घेऊन तुरुंगात गेल्या, हे सांगणारी पिढी आता संपत आली आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, त्याआधी हा बहुतेक मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात होता. त्यामुळे येथल्या गायरानधारकांचे जुने कागद एका कचेरीत आणि नवे दुसऱ्या कचेरीत, हा छळ वेगळाच. परतूरवाल्यांचे तर परभणीत. राज्य शासनाने १९७८ साली आणि पुन्हा २८ नोव्हेंबर १९९१च्या निर्णयाने भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. दुसऱ्या निर्णयात १४ एप्रिल १९९०पर्यंतचा कब्जा धरला होता. तारीख जयंतीची निवडली म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. कब्जा सिद्ध करायला दंडाची पावती लागते आणि ती पावती देणारा तलाठी गावातल्या सवर्ण धनदांडग्यांना विचारून देतो, हे टाळ्या वाजवताना आमच्या पुढाऱ्यांच्या ध्यानात आले नाही.

नंतर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग खटल्यातला निकाल आला. गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवा, असा त्याचा आदेश. प्रकरण पंजाबातल्या तळ्यावर बांधकाम केलेल्या लोकांचे होते. भूमिहीन दलितांना सरकारी निर्णयाने दिलेली जमीन अपवाद म्हणून नियमित करता येईल, असे त्याच निकालात स्पष्ट लिहिले आहे. पण नोटिसा काढणारे अधिकारी निकालाचा पहिला भाग वाचतात आणि अपवादाच्या परिच्छेदाशी येताच त्यांचा चष्मा हरवतो. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या गायरानांवरच्या दोन लाखांहून अधिक अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली, आणि पुन्हा गावोगावी नोटिसांचा पाऊस पडला. आमच्याकडे येणाऱ्या माणसाच्या हातात ती नोटीस असते आणि डोळ्यांत एकच प्रश्न असतो : वकीलसाहेब, आजोबाने फोडलेली जमीन अतिक्रमण कशी? अशांना आम्ही सांगत असतो, की नोटीस घेऊन घरी बसू नका, मुदतीत लेखी उत्तर द्या, जुन्या पीकपाहणीच्या नोंदी, दंडाच्या पावत्या आणि सत्याग्रहातल्या तुरुंगवासाचे दाखले जोडा आणि जगपाल सिंग निकालातला अपवादाचा परिच्छेद त्यात आवर्जून नमूद करा.

बेथेलच्या वारसांचा प्रश्न आणखी एका पायरीने अवघड आहे. गावकुसाबाहेरचा मांग मांग राहिला असता तर १९५० नंतर तो अनुसूचित जातीत असता. ख्रिस्ती झाला म्हणून तो तेथून गेला. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील ३ऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना, १९९० साली बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात ठेवले आहे. याचा अर्थ काय होतो ते पाहा. ज्यांच्या पूर्वजांनी गाव वसवले, त्यांच्या पणतूला ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामपंचायतीत अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर उभे राहता येत नाही. जातीवरून मारहाण झाली तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच्या मदतीला येत नाही. मारणारा त्याची जात विसरत नाही, कायदा मात्र विसरतो.

१९८५ साली सुसाई नावाच्या चर्मकार ख्रिस्ती माणसाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की धर्मांतरानंतरही तेवढीच सामाजिक अवहेलना टिकून असल्याचा पुरावा आणा. रस्त्याच्या कडेला जोडे शिवणाऱ्याने समाजशास्त्राचा पुरावा आणायचा! २००७ साली न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने तो ३रा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. ती धूळ खात पडली. २०२२च्या ऑक्टोबरात केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला आणि त्याला पुढे मुदतवाढ दिली. दुसरीकडे २०१५च्या के. पी. मनू निकालाप्रमाणे, ख्रिस्ती झालेल्याचा वारस हिंदू धर्मात परतला आणि मूळ जातीने त्याला स्वीकारले तर अनुसूचित जातीचा दर्जा त्याला पुन्हा मिळतो. म्हणजे कायद्याने दार एकाच बाजूला उघडे ठेवले आहे. संविधानाचे कलम २५ आम्हांस धर्मस्वातंत्र्य देते आणि एक आदेश त्याची किंमत लावतो. ‘घरवापसी’ची दुकाने चालवणाऱ्यांना यापेक्षा चांगले भांडवल कोण पुरवणार?

येथे आम्हांस आमच्याच समाजाशी दोन शब्द बोलायचे आहेत. बौद्ध समाजातले काही शहाणे लोक खाजगीत म्हणतात, ख्रिस्ती दलितांना आत घेतले तर आपला वाटा कमी होईल, त्यांच्याकडे मिशनच्या शाळा आहेत, दवाखाने आहेत. मिशनच्या शाळा आहेत हे खरे. त्या शाळांत पहिल्या बाकावर कोणाची मुले बसतात, हे एकदा जाऊन पाहावे. आणि १९५६ ते १९९० ही चौतीस वर्षे आठवावीत. महाराष्ट्र शासनाने १९६० साली राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकरीसाठी, लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागेसाठी आमच्या माणसांना कागदावर ‘हिंदू महार’ राहावे लागले. घरात बुद्धवंदना आणि दाखल्यावर हिंदू, हे दुहेरी जगणे आम्ही जगलो आहोत. त्या काळी ‘आत घेऊ नका, आमचा वाटा कमी होईल’ असे म्हणणारे आम्हांस कोण वाटत होते? वाटा कमी होण्याची भीती खोटी नाही. तिच्यावर उपाय म्हणजे त्यांच्या लोकसंख्येएवढी टक्केवारी वाढवून मागणे. दार लावून घेणे हा उपाय आमच्या परंपरेत बसत नाही. मातंग समाजाशी आमचे नाते आधीच ताणलेले आहे, १ ऑगस्ट २०२४च्या उपवर्गीकरणाच्या निकालानंतर ते आणखी ताणले गेले. बेथेलच्या मांगांसाठी बौद्धांनी उभे राहणे हे त्या ताणावरचे एक औषधही ठरू शकेल.

सप्टेंबर २०२३पासून सारा महाराष्ट्र आरक्षणाच्या प्रश्नासाठी जालना जिल्ह्याकडे पाहतो आहे. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीने सरकारे हलवली. २ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने हैदराबाद गॅझेट मान्य करून निजामकाळातल्या नोंदींच्या आधारे कुणबी दाखल्यांची वाट मोकळी केली. तो निर्णय बरा की वाईट, यावर आज आम्ही लिहीत नाही. आम्ही एवढेच विचारतो, की निजामाचे दप्तर एका समाजासाठी उघडते, तर ते मांग-महारांसाठी का उघडू नये? सालारजंगाच्या काळात जालना परिसरात कोणाला कोणत्या जमिनी कोणत्या शर्तीवर दिल्या, १९५४च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यानंतर त्यांचे काय झाले, महारकी-मांगकीच्या इनामांचे सातबारे आज कोणाच्या नावे बोलतात, याची छाननी करायला जिल्हाधिकाऱ्यांना कोणी अडवले आहे? महामार्गाने जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर तर हे काम लांबणीवर टाकणे म्हणजे चोराला वाट दाखवणे होय.

शासन हे आपणहून करील, या भ्रमात कोणी राहू नये. सालारजंगाच्या काळातले वरिष्ठ दप्तर फार्सीत आहे, १८८०च्या दशकात उर्दू आली, खालचे गावपातळीवरचे कागद मोडीत. हैदराबादचे राज्य अभिलेखागार आणि आपल्या तहसिलींच्या अभिलेख कक्षांतली बासने, दोन्ही ठिकाणी शोध घ्यावा लागेल. स्कॉटिश मिशनचा पत्रव्यवहार एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षे लढलेल्या मराठवाड्यात या कामासाठी फार्सी-मोडी जाणणारी चार मुले-मुली त्याच विद्यापीठातून मिळू नयेत, असे होणार नाही. जातपडताळणीत अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीच्या कागदाला वजन असते. म्हणून बेथेल आणि जालना परिसरातल्या ख्रिस्ती कुटुंबांना आमचे सांगणे आहे, की चर्चच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, दफनाच्या जुन्या नोंदवह्यांच्या प्रमाणित नकला काढून घ्या. त्यांत पूर्वजाच्या नावापुढे जात लिहिलेली असेल तर ती खोडू नका, लपवू नका. मिशनच्या शाळेचे जुने प्रवेश-निर्गम रजिस्टर कोणाच्या ताब्यात आहे ते शोधा, आणि वाळवी लागण्याआधी त्याची छायाप्रत करा.